हिस्टेरिया : एका शब्दाची अडीच हजार वर्षांची गोष्ट



आपल्या बनेश्वराच्या देवळात एक मोठी घंटा आहे. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. ही पोर्तुगिजांची घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हा तिकडच्या घंटा देशावर आल्या आणि आपल्या देवळांमध्ये टांगल्या गेल्या. त्यांतलीच ही एक. आपण दर्शनाला जातो, पोराला उचलून घेतो, त्याच्या हाताने घंटा वाजवतो. ती कुठून आली हे कोणी विचारत नाही. आता ती आपलीच झाली आहे.

शब्दही असेच लांबून येतात आणि आपल्या घरात राहतात. कोणता शब्द कुठून आला, येताना बरोबर काय घेऊन आला, हे आपण विचारत नाही. आज आम्ही अशाच एका शब्दाची गोष्ट सांगणार आहोत. तो शब्द म्हणजे हिस्टेरिया.

हा शब्द आपल्या गावांत चांगला रुळलाय. नव्या सुनेला झटके आले, दातखीळ बसली, हातपाय ताठ झाले, वाचा गेली, छातीवर कोणी बसल्यासारखं झालं, की घरातला शिकलेला माणूस म्हणतो, "हिला हिस्टेरिया आहे." न शिकलेला म्हणतो, "हिला बाहेरचं आहे." आणि वैतागलेला म्हणतो, "नाटकं करते." तिघांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी असते. तिला काय होतंय हे तिला कोणीच विचारलेलं नसतं.

शब्दाचं मूळ गाव

हिस्टेरिया हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला. इंग्रजीत तो आला ग्रीक भाषेतून. ग्रीकमध्ये 'हिस्टेरा' म्हणजे गर्भाशय. आपण जिला पिशवी म्हणतो, ती. भाषांचा अभ्यास करणारे बरेच जण सांगतात की हा हिस्टेरा, लॅटिन भाषेतला गर्भाशयाचा शब्द 'युटेरस' आणि आपल्या संस्कृतातला 'उदर', हे एकाच मुळाचे शब्द असावेत. म्हणजे लांबचा वाटणारा हा शब्द आपल्या उदराचा चुलतभाऊ ठरतो.

आता तुम्ही म्हणाल, झटके येणं, वाचा जाणं, रडू न थांबणं, याचा पिशवीशी काय संबंध? संबंध जोडला होता ग्रीक वैद्यांनी, सुमारे २४०० वर्षांपूर्वी. हिपोक्रेटिस हे त्या काळातल्या मोठ्या वैद्याचं नाव. त्याच्या नावावर जे ग्रंथ चालतात, त्यांत बायकांच्या आजारांवर मोठी प्रकरणं आहेत. त्यांतली समजूत अशी की गर्भाशय कोरडं पडलं, हलकं झालं, की ते जागा सोडतं आणि ओलावा शोधत वर चढतं. काळजाकडे गेलं, छातीशी गेलं, तर श्वास कोंडतो, वाचा जाते, बाई बेशुद्ध पडते. हा त्रास जास्त कोणाला? तर लग्न न झालेल्या मुलींना आणि विधवांना. मग उपाय काय? लग्न करून द्या. दिवस गेले की बरं वाटेल.

त्याच काळातला प्लेटो हा फार मोठा विचारवंत. त्याने तर लिहून ठेवलं की गर्भाशय हा बाईच्या आतला एक जिवंत प्राणीच आहे. त्याला मूल हवं असतं. फार दिवस मूल मिळालं नाही की तो चिडतो आणि अंगभर फिरतो.

मैत्रिणींनो, हसू येतं खरं. पण "लग्न करून द्या, सगळं ठीक होईल" आणि "एक मूल होऊ दे, डोकं ताळ्यावर येईल" ही वाक्यं आपण कुठे ऐकली आहेत? त्यासाठी ग्रीसला जायला नको. आपल्याच आळीत ऐकली आहेत.

दुसरा उपायही ऐका. गर्भाशय वर चढलंय तर त्याला खाली हाकलायचं कसं? ग्रीक वैद्य नाकाशी घाण वासाच्या वस्तू धरायचे. केस, लोकर असलं काहीबाही जाळून त्याचा धूर द्यायचे. आणि खालच्या बाजूला सुगंधी धुरी. वरच्या घाणीला कंटाळून आणि खालच्या सुवासाला भुलून ते आपल्या जागी परत येईल, असा हिशेब. आपल्याकडे फिट आलेल्या बाईच्या नाकाशी कांदा धरतात, चप्पल धरतात. दोन्हीकडे नाकाशीच घाण वास. आपल्याकडचा कांदा ग्रीसमधून आला असं आम्ही म्हणत नाही. घाबरलेली माणसं सगळीकडे सारखीच वागतात, एवढंच म्हणायचंय.

आणि ज्याला शंका वाटते, असं माणूसही सगळीकडे असतं. सुमारे १९०० वर्षांपूर्वी रोममध्ये सोरेनस नावाचा वैद्य होता. बाळंतपणाचा आणि बायकांच्या आजारांचा तो जाणकार. त्याने स्पष्ट लिहिलं की गर्भाशय हा काही बिळातून बाहेर पडणारा प्राणी नव्हे. घाण वास देऊन आणि आरडाओरडा करून रोग्याला उलट त्रासच होतो. तिला उबदार खोलीत शांत झोपवा, हळुवार वागवा. आजही याहून वेगळं काय सांगणार?

इथे एक गोष्ट नीट सांगून ठेवतो. गर्भाशय अंगभर फिरत नाही. ते आतल्या बंधांनी आपल्या जागी धरलेलं असतं. बाळंतपणानंतर लगेच जड कामाला लागलं, हंड्यावर हंडे वाहिले, तर ते बंध सैल पडतात आणि ते खाली सरकतं. त्याला आपण अंग बाहेर येणं म्हणतो. त्याला उपचार आहेत आणि ते लपवायचं दुखणं नाही. पण वर चढून ते गळ्याशी कधीच येत नाही.

भूत, डाकीण आणि एक डॉक्टर

पुढे हजार-दीड हजार वर्षं युरोपात वेगळंच चाललं. तीच लक्षणं दिसली की लोक म्हणू लागले, हिला सैतानाने धरलंय. नाहीतर कोणीतरी हिच्यावर चेटूक केलंय. मग चेटूक करणारी शोधायची. ती सापडायची कोण? एकटी राहणारी, तोंडाळ, म्हातारी बाई.

१६०२ साली लंडनमध्ये असा एक खटला झाला. मेरी ग्लोव्हर नावाची चौदा वर्षांची मुलगी. तिला झटके येऊ लागले, वाचा जाऊ लागली. आळ आला शेजारच्या एलिझाबेथ जॅक्सन या म्हातारीवर. एडवर्ड जॉर्डन नावाच्या डॉक्टरने कोर्टात सांगितलं की हे चेटूक नाही, हा आजार आहे. न्यायाधीशाने ऐकलं नाही. म्हातारीला शिक्षा झाली. जॉर्डनने १६०३ साली छोटं पुस्तक छापून आपलं म्हणणं मांडलं. त्याच्या डोक्यातही आजाराचं मूळ गर्भाशयातच होतं. तरी एक फरक पडला होता. हा आजार आहे म्हटल्यावर कोणा म्हातारीला फासावर द्यायची गरज उरत नव्हती.

म्हणून या शब्दाला नुसत्या शिव्या देऊन चालणार नाही. एके काळी त्याने बायकांना वाचवलं आहे. आपल्या महाराष्ट्रातही कोणा बाईला डाकीण ठरवून मारहाण केल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आपण वाचतो. ते थांबावं म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं कायद्याची मागणी लावून धरली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला बांधणं, मारणं, चटके देणं हा आज महाराष्ट्रात गुन्हा आहे.

इथे आम्ही कोणाच्या श्रद्धेवर बोट ठेवत नाही. नवरात्रात तोरण्याच्या मेंगाईला आपण ओटी भरतो, भोरवरून मांढरदेवच्या काळूबाईला जातो. कोणाच्या अंगात येतं, कोणाला तिथे जाऊन मोकळं वाटतं. घरात ज्या बाईचा आवाज कधी चढत नाही, तिला तिथे घुमायची, ओरडायची, रडायची मुभा मिळते. त्याने जीव हलका होत असेल तर त्यात वाईट काय? पण मारहाण, चटके, साखळी आणि पैशाची लूट सुरू झाली, की ती श्रद्धा राहत नाही. आणि बाई आजारी असेल तर देवीची ओटीही भरावी आणि डॉक्टरकडेही जावं. दोन्ही वाटा एकमेकींना अडवत नाहीत.

पुरुषांना काय म्हणायचं?

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस विलिस नावाच्या डॉक्टरने म्हटलं की या दुखण्याचं मूळ गर्भाशयात नाही, मेंदूत आणि नसांमध्ये आहे. त्याच काळातल्या थॉमस सिडनहॅमने सांगितलं की असा त्रास पुरुषांनाही होतो. मग त्याला हिस्टेरिया म्हणायचं का? पुरुषाला तर पिशवीच नाही! डॉक्टरांनी पुरुषांसाठी दुसरं नाव वापरलं आणि बायकांसाठी पहिलंच ठेवलं.

ग्रीकांच्या वेळेपासून ही वाटणी दिसते. खूप दिवस उदास राहण्याला ग्रीक 'मेलँकोलिया' म्हणत. त्याचा अर्थ काळं पित्त. आपल्या वैद्यांचे जसे वात, पित्त, कफ, तसा तो प्रकार. पित्त बाई-पुरुष दोघांना असतं. पण बाईच्या जिवाची तडफड दिसली की बोट पिशवीकडे.

आपल्याकडे काय होतं? जुन्या आयुर्वेदात झटक्यांच्या अशा एका आजाराला 'अपतंत्रक' म्हणतात. तो वाताचा विकार मानला आहे. नावात बाईचा उल्लेख नाही. पुढे हिस्टेरियाला प्रतिशब्द म्हणून आपल्या पुस्तकांत 'योषापस्मार' हा शब्द चालू झाला. योषा म्हणजे स्त्री, अपस्मार म्हणजे फेफरं. बाईचं फेफरं! आणखी एक शब्द होता 'गर्भाशयोन्माद'. म्हणजे ग्रीकांची समजूत संस्कृत कपडे घालून आपल्या कपाटात येऊन बसली.

आपली बोलीभाषा मात्र यापेक्षा शहाणी आहे. बघा, आपण म्हणतो, "पोटात गोळा आला", "पोटात कालवाकालव झाली", "सगळं पोटात ठेवलं". मनाचं दुःख पोटात असतं हे आपणही म्हणतो. पण ते बाई-पुरुष दोघांच्याही पोटात असतं. शेतकऱ्याचं पीक गेलं की त्याच्याही पोटात गोळा येतो. दुःखाला पिशवी लागत नाही, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं.

युरोपला हे कळायला मोठं युद्ध व्हावं लागलं. पहिलं महायुद्ध, १९१४ ते १९१८. आपल्या मावळातली, साताऱ्याकडची माणसंही मराठा पलटणींतून तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढायला गेली होती. युरोपात खंदकांमध्ये रात्रंदिवस तोफा ऐकून हजारो सैनिकांची गत काय झाली? कोणाची वाचा गेली, कोणाचे हातपाय लुळे पडले, कोणी थरथर कापू लागला. अंगावर जखम नाही. हीच तर हिस्टेरियाची लक्षणं! पण धट्ट्याकट्ट्या सैनिकांना तो शब्द कसा लावायचा? म्हणून नवं नाव काढलं, 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्याचा धक्का. बाईला झालं तर तिच्या शरीराचा दोष, पुरुषाला झालं तर तोफेचा दोष. बाईच्या आयुष्यात कोणती तोफ धडाडत होती, हे कोणी पाहिलं नाही.

दोघी जणी

काही ठिकाणी ते पाहण्याची सुरुवात मात्र झाली होती. पॅरिसमध्ये साल्पेट्रिएर नावाचं बायकांचं प्रचंड मोठं रुग्णालय होतं. तिथे शार्को नावाचे प्रसिद्ध डॉक्टर १८७० नंतर हिस्टेरियाचा अभ्यास करत होते. पुरुषांनाही हा आजार होतो हे त्यांनी उदाहरणं देऊन दाखवलं. पण ते रोगी बायकांना भरल्या सभागृहात लोकांसमोर उभं करत, झटका आणून दाखवत, फोटो काढत. त्यांतली एक मुलगी ऑगस्टीन. १८७५ साली ती तिथे आली तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची होती. तिच्यावर लहानपणी अत्याचार झाला होता. तिचे फोटो खूप गाजले. १८८० साली ती पुरुषाचे कपडे घालून तिथून निसटली. तिला काय हवं होतं, हे तिने पायांनी सांगितलं.

दुसरी बर्था पापेनहाइम, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाची. जन्म १८५९ चा. आपल्या पंडिता रमाबाईंपेक्षा एका वर्षाने लहान. घर श्रीमंत, पण मुलीने पुढे शिकायचं नाही, घरात बसायचं. १८८० मध्ये वडील आजारी पडले. रात्र रात्र जागून सेवा करायची ती हिने. होता होता हिचाच एक हात-पाय लुळा पडला, नजर अंधुक झाली, स्वतःची भाषा बोलता येईना. डॉ. ब्रॉयर रोज येऊन तिचं बोलणं ऐकत. बोलून झालं की तिला हलकं वाटे. या उपचाराला 'बोलण्याचा उपचार' हे नाव तिनेच दिलं. ब्रॉयर आणि फ्रॉईड या दोघांनी १८९५ साली हिस्टेरियावर पुस्तक काढलं, त्यात तिची हकिकत टोपणनावाने आहे. आज जगभर समुपदेशन म्हणून जे चालतं, त्याच्या मुळांपैकी एक मूळ या मुलीच्या बोलण्यात आहे.

ती लगेच बरी झाली असं नाही. पुढे काही वर्षं तिला रुग्णालयांत काढावी लागली. पण १८८८ मध्ये ती आईबरोबर जर्मनीतल्या फ्रँकफर्टला गेली आणि तिथे कामाला लागली. अनाथ मुलींचं वसतिगृह चालवलं. १९०४ मध्ये ज्यू स्त्रियांची देशभरची संघटना काढली. १९०७ मध्ये फसवल्या गेलेल्या, विकल्या गेलेल्या मुलींसाठी आणि कुमारी मातांसाठी घर उघडलं. १९३६ मध्ये ती वारली. १९५४ मध्ये तिथल्या सरकारने तिच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. जिच्यावर हिस्टेरियाचा शिक्का बसला होता, तिच्या नावाचा शिक्का पत्रांवर बसला.

त्याच वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं? १८८२ साली, म्हणजे ब्रॉयर बर्थाचं बोलणं ऐकत होते त्याच सुमारास, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापलं गेलं. सगळे दोष बायकांच्याच माथी का, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. तिथे कोवळ्या वयाच्या विधवा शिकल्या. व्हिएन्नाला असो की पुण्याला, कोंडलेल्या मुलींना बोलायला, शिकायला, काम करायला जागा हवी होती.

शब्द गेला, सवय राहिली

१९८० साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी आजारांच्या आपल्या मोठ्या यादीतून हिस्टेरिया हे नाव काढून टाकलं. आज डॉक्टर वेगळी नावं वापरतात. त्यांचा अर्थ सोप्या भाषेत असा : मनावरचा भार सोसेनासा झाला की तो शरीरातून बाहेर पडतो. हात लुळा पडतो, झटका येतो, वाचा जाते. तपासणीत नस ठीक, रक्त ठीक. तरी ते सोंग नसतं. बाई ते मुद्दाम करत नाही. तिला थांबवता येत नाही.

शब्द यादीतून गेला, पण पिशवीवर खापर फोडायची सवय गेली नाही. हिस्टेराचं दुसरं लेकरू आपल्या जास्त ओळखीचं आहे, हिस्टेरेक्टॉमी. हिस्टेरा म्हणजे गर्भाशय आणि एक्टॉमी म्हणजे कापून काढणं. आपण म्हणतो पिशवी काढली.

१९९४ च्या फेब्रुवारीत आपल्याच पुणे जिल्ह्यात काय घडलं ते ऐका. शिरूरच्या सरकारी वसतिगृहात राहणाऱ्या, बुद्धीची वाढ कमी झालेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढली गेली. त्यांना पाळी सांभाळता येत नाही, हे कारण. त्या मुलींना कोणी विचारलं? महिला संघटनांनी आवाज उठवला, देशभर चर्चा झाली आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची बातमी आली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. कितीतरी जणी ऐन तिशीतल्या. अंगावरून जातंय, कंबर दुखते, पाळीत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, आणि डॉक्टर म्हणतो पिशवी सडली, कॅन्सर होईल, काढून टाका. पोटात दुखण्याचं कारण पाण्याची, संडासाची सोय नसणं आणि बाळंतपणानंतर लगेच मोळी उचलणं हे होतं. ते तसंच राहिलं आणि पिशवी गेली. काही वेळा पिशवी काढावीच लागते, ते आम्ही नाकारत नाही. पण दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतल्याशिवाय, आणि पिशवीबरोबर अंडाशयंही काढणार का हे विचारल्याशिवाय, सही करू नये. लहान वयात अंडाशयं गेली की हाडं ठिसूळ होतात, जिवाची काहिली होते, झोप उडते. मग घरचे पुन्हा म्हणायला मोकळे, "हिचं डोकं फिरलंय."

म्हणून एक कायदा माहीत असू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. त्यात लिहिलं आहे की मानसिक आजाराचा उपचार म्हणून कोणा बाईची किंवा पुरुषाची नसबंदी करता येणार नाही, आणि कोणालाही साखळीने बांधता येणार नाही. मनाच्या आजारावर सरकारी दवाखान्यात उपचार मिळणं हा आपला हक्क आहे, हेही त्यात आहे. ग्रीकांपासून २४०० वर्षं गेल्यावर हे कायद्यात लिहावं लागलं.

आपल्या हातात काय आहे

गटातल्या कोणाला झटका आला तर काय करायचं, ते सांगतो. तिला सपाट जागी कुशीवर वळवा. गर्दी हटवा, पदर-पोलका सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा नको, चप्पल नको. धरून दाबून ठेवू नका. झटका पाच मिनिटांहून जास्त चालला, एकामागून एक आला, किंवा बाई गरोदर असेल, तर १०८ ला फोन करा. पहिल्यांदाच झटका आला असेल तरी डॉक्टरला दाखवाच. तो फेफऱ्याचा झटका असू शकतो आणि फेफऱ्यावर चांगली औषधं आहेत. मनाच्या ताणाचा झटका आणि फेफऱ्याचा झटका यातला फरक डॉक्टरच सांगू शकतो, सासू नाही आणि शेजारीणही नाही.

मन जड असेल, झोप नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. आशाताईला सांगितलं तरी ती पुढचा रस्ता दाखवेल.

आणि दवाखान्याच्या आधीचं एक काम गटाचं आहे. पुढच्या बैठकीत हप्ते भरून झाले, की वही मिटण्याआधी अर्धा तास काढा. कोणाला छातीवर दडपण येतं, कोणाला रात्री दचकून जाग येते, कोणाच्या पोटात कायम गोळा असतो, हे एकमेकींना विचारा. ऐकणारीने सल्ला द्यायची घाई करू नये. तिचं बोलणं पूर्ण होऊ द्यावं आणि ते गटाबाहेर जाऊ देऊ नये. तिच्या घरात दारू असेल, मार असेल, कर्ज असेल, तर ते तिच्या पिशवीत शोधून सापडणार नाही. ते तिने सांगितल्यावरच कळेल.

यापुढे कोणी तुमच्यासमोर म्हणालं, "तिला हिस्टेरिया आहे," तर त्याला या शब्दाचा अर्थ सांगा. मग त्या बाईजवळ जाऊन बसा आणि विचारा, "काय होतंय गं तुला?"